एक्झिटर : लंबगोल टेबलाभोवती बसणारी शाळा

पंचगंगाकाठ

इथल्याच दुसऱ्या एका धाग्यावर अमेरिकेतल्या 'प्रेप स्कूल'विषयी बरेच प्रश्न आले होते. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझी मुलगी न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत शिकते आणि तिथेच वसतिगृहात राहते. त्यामुळे सगळ्या प्रेप स्कूलविषयी न लिहिता या एकाच शाळेविषयी लिहिते.

आधी 'प्रेप' म्हणजे काय ते. नववी ते बारावी अशी चार वर्षांची, सरकारी नसलेली, विश्वस्त मंडळाने चालवलेली शाळा. नाव 'प्रिपरेटरी', म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणारी. पण कोटा-लातूरच्या क्लाससारखी तयारी डोळ्यांसमोर आणू नका. प्रवेश परीक्षेचा सराव हा तिथल्या दिवसाचा अगदी लहान भाग असतो.

शाळेची स्थापना १७८१ ची. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपलेले नव्हते आणि इकडे आपला सालबाईचा तह व्हायला अजून वर्ष होते. एक्झिटर हे गाव तेव्हा न्यू हॅम्पशायरच्या क्रांतिकारी सरकारचे ठाणे. तिथला जॉन फिलिप्स हा हार्वर्डमध्ये शिकलेला, व्यापारात पैसा केलेला गृहस्थ. त्याचा पुतण्या सॅम्युअल याने १७७८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला शाळा काढली होती. काकाने तिला पैसा दिला आणि तीन वर्षांनी पत्नी एलिझाबेथसह स्वतःच्या गावात दुसरी शाळा उभी केली. प्रत्यक्ष वर्ग १७८३ मध्ये सुरू झाले. काका-पुतण्याच्या या दोन शाळांची चुरस आजही चालू आहे. १८७८ पासून त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना होतो आणि त्या आठवड्यात मुलांना दुसरे काही सुचत नाही.

शाळेच्या दानपत्रात जॉन फिलिप्सने लिहून ठेवले आहे की ज्ञानाशिवाय चांगुलपणा दुबळा असतो आणि चांगुलपणाशिवाय ज्ञान धोक्याचे असते. दुसरे एक कलम असे की शाळा सगळ्या दिशांहून येणाऱ्या लायक मुलांना सारखीच खुली राहावी. ही 'सगळ्या दिशांची मुले' प्रत्यक्षात यायला मात्र फार वेळ लागला. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी मोझेस उरिया हॉल १८५८ साली आला. मुलींना प्रवेश मिळाला तो १९७० मध्ये! मुख्य इमारतीच्या दारावर 'मुलांनो, पुरुष होण्यासाठी इथे या' अशा अर्थाची लॅटिन ओळ होती. मुली येऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर, १९९६ साली, तिच्या जोडीला मुलगे आणि मुली दोघांना बोलावणारी ओळ कोरली गेली.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हा धागा काढला. १९३० पर्यंत एक्झिटर ही तशी चारचौघींसारखीच शाळा होती. रांगेत बाके, समोर मास्तर, पाठ केलेले म्हणून दाखवायचे. एडवर्ड हार्कनेस या दानशूर माणसाचा मुख्याध्यापक लुईस पेरी यांच्याशी स्नेह होता. हार्कनेसच्या वडिलांनी रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये सुरुवातीला पैसे गुंतवले होते. ती सगळी संपत्ती मुलगा दान करत सुटला होता. हार्वर्ड आणि येलची निवासी महाविद्यालये त्याच्याच पैशातून झाली. एक्झिटरला पैसे देण्याआधी त्याने विचारले, तुम्ही नवे काय कराल? शाळेने पाठवलेला पहिला आराखडा त्याला पसंत पडला नाही. त्याला डागडुजी नको होती, पद्धतच बदललेली हवी होती.

९ एप्रिल १९३० च्या पत्रात त्याने मनातले चित्र मांडले : मुले शिक्षकाबरोबर एका टेबलाभोवती बसलेली आहेत, शिक्षक त्यांच्याशी बोलतो आहे, आणि साधारण किंवा त्याहूनही कच्च्या मुलाला आपली अडचण सांगायला संकोच वाटत नाही. हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. ही पद्धत हुशार मुलांना चमकवण्यासाठी निघाली नाही. मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलासाठी निघाली.

त्याने ५८ लाख डॉलर दिले, मंदीच्या काळात! त्यातला मोठा भाग शिक्षक वाढवण्यावर गेला, कारण एका टेबलाला बाराच मुले ठेवायची तर शिक्षक कितीतरी जास्त लागतात. टेबल लंबगोल ठेवले. त्याला कोपरे नाहीत, म्हणून लपायला जागा नाही, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसते. आज तिथे इंग्रजी, इतिहास, विज्ञान, गणित, सगळे याच टेबलाभोवती चालते.

गणिताचा तास मी स्वतः बघितला आहे. शरद ऋतूत पालकांसाठी दोन दिवस असतात, तेव्हा वर्गात बसू देतात. गणिताला तिथे पाठ्यपुस्तकच नाही. शाळेच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार केलेले प्रश्नसंच आहेत. त्यात धडे नाहीत, सोडवून दाखवलेली उदाहरणे नाहीत, 'आता लसावि शिकू' असा मथळा नाही. बीजगणित, भूमिती, आलेख सगळे एकात एक मिसळलेले. मुले आदल्या रात्री सात-आठ प्रश्नांशी झटापट करून येतात. वर्गाच्या भिंतींना सगळीकडे फळे. आल्या आल्या प्रत्येक जण एकेक प्रश्न उचलतो आणि फळ्यावर सोडवायला लागतो, अर्धवट जमला असला तरी.

त्या दिवशी एका मुलीने भूमितीचा प्रश्न मांडला होता. उत्तर चुकले होते. ती उभी राहून समजावत होती आणि शिक्षिका गप्प. मग पलीकडच्या मुलाने विचारले, "या दोन बाजू समान आहेत असं तू कशावरून धरलंस?" ती थांबली. आकृतीकडे बघत राहिली. "आकृतीत तशा दिसतात म्हणून." तिसऱ्या एकाने येऊन तीच आकृती जरा ताणून काढली, की लगेच बाजू असमान. मुलीने डस्टर घेतला आणि तिथल्या तिथे नव्याने मांडणी सुरू केली. कुणी हसले नाही. शिक्षिका एकच वाक्य बोलल्या, की हा प्रश्न उद्याही फळ्यावर राहू दे.

माझे शिक्षण कोल्हापूरला झाले. भूमितीत ९५ च्या पुढे गुण होते. असा प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

राहण्या-जेवण्याविषयी, फीविषयी कुणी विचारले तर खाली लिहीन.

पहाटवारा

सुरेख लिहिलंय. फीबद्दल विचारतेच. आणि अबोल मुलाचं तिथे काय होतं? माझा मुलगा आठवीत आहे, ह्यूस्टनला. लेखी सगळं उत्तम, पण चार माणसांत तोंड उघडत नाही. बोलण्यावर गुण असतील तर अशा मुलाची फरपटच.

पंचगंगाकाठ

@पहाटवारा, माझी लेकही तशीच होती. आपल्या घरांतून 'मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये' हे अंगात मुरलेलं असतं. पहिल्या सत्रात तिच्या प्रगतिपत्रकात प्रत्येक विषयाला एकच शेरा : टेबलाला तुझं म्हणणं ऐकायचं आहे. तिला फार त्रास झाला, रात्री फोनवर रडायची.

पण तिथे बोलणे मोजत नाहीत, बोलण्याने चर्चा पुढे गेली का ते बघतात. काही शिक्षक तासभर एका कागदावर टेबलाचे चित्र काढून, कोणाच्या बोलण्याला कोणी उत्तर दिले त्याच्या रेघा ओढतात. तास संपला की तो कागद मुलांना दाखवतात. दोन मुलांच्या मध्येच रेघांचे जाळे झाले असेल तर ती चर्चा फसली असे धरतात, त्या दोघांनी कितीही हुशारीचे बोलले असले तरी. जास्त बोलणाऱ्यालाही शिकावे लागते, की थांबावे आणि 'तुला काय वाटतं?' म्हणून गप्प असलेल्याकडे चेंडू टाकावा. माझी मुलगी तशीच बोलती झाली. तिच्या शेजारच्या मुलाने तिच्या वहीतली टीप वाचून सांगितले, हे सगळ्यांना सांग ना.

फी : राहून शिकणाऱ्यांना वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात. आकडा बघून छाती दडपते. पण शाळेचा स्वतःचा निधी एक अब्ज डॉलरहून मोठा आहे आणि जवळपास निम्म्या मुलांना मदत मिळते. २००७ साली त्यांनी जाहीर केले की वर्षाला ७५ हजार डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला काही भरावे लागणार नाही. २०२१ पासून प्रवेश देताना घरची ऐपत बघत नाहीत. आमच्या घरी दोन पगार असूनही मदत मिळाली, नाहीतर नाव काढले नसते.

विटांचे_घर

मी वास्तुविशारद, पुण्यात. एक्झिटरचं नाव निघालं आणि ग्रंथालयाचा उल्लेख नाही, हे बघवेना!

लुई कान या अमेरिकी वास्तुविशारदाची ती इमारत आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. १९७१ मध्ये पूर्ण झाली. बाहेरून विटांचा साधा, जवळजवळ गिरणीसारखा घन. नीट पाहिलं तर कळतं की विटांचे खांब वर जाताना अरुंद होतात आणि खिडक्या रुंद होत जातात, कारण वरती भार कमी. चारही कोपरे छाटलेले. आत गेलात की मधोमध उंच चौक आणि चारही बाजूंच्या काँक्रीटच्या भिंतींत प्रचंड वर्तुळं. त्या वर्तुळांतून मजल्यामजल्यावरची पुस्तकं दिसतात. म्हणजे पुस्तकं मध्ये, अंधाराच्या बाजूला. वाचणारा बाहेरच्या कडेला, खिडकीशी. प्रत्येक अभ्यासिकेला लाकडी मेज आणि स्वतःची छोटी खिडकी, तिला सरकती लाकडी झडप. ऊन नको असेल तर फक्त आपल्यापुरती ओढून घ्यायची. सोळा वर्षांच्या मुलासाठी इतक्या बारकाईने विचार केलेली जागा मी दुसरी पाहिली नाही.

आपल्या बाजूने एक धागा आहे. याच काळात कान अहमदाबादच्या आयआयएमवर काम करत होते. तिथेही विटा, तिथेही वर्तुळं. आणि त्यांच्या फिलाडेल्फियाच्या कार्यालयात १९६४ ते १९६९ आपले अनंत राजे होते, मुंबईचे. परत येऊन त्यांनी अहमदाबादचं काम पुढे नेलं. कान १९७४ च्या मार्चमध्ये वारले तेही अहमदाबादहून परतताना, न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात. दोन्ही इमारती एकामागून एक बघितल्या तर एकाच हाताचं अक्षर ओळखू येतं.

पंचगंगाकाठ

@विटांचे_घर, तुमच्यासारखं मला लिहिता आलं नसतं, म्हणून ग्रंथालय सोडलं होतं. एक भर घालते. १६ नोव्हेंबर १९७१ ला शाळेने वर्ग बंद ठेवले आणि मुलांनी, शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी मिळून जुन्या ग्रंथालयातली पुस्तके हातोहात नव्या इमारतीत नेली. शेजारचे जेवणघरही कानचेच आहे. माझी मुलगी रोज तिथे जेवते.

निवृत्त_मास्तर

लेख आवडला. लिंकनचा मुलगा या शाळेत होता ना? ती हकीकत इथल्या मुलांनी वाचायला हवी.

रॉबर्ट लिंकन १८५९ साली हार्वर्डच्या प्रवेश परीक्षेला बसला आणि सोळापैकी पंधरा विषयांत नापास झाला. मग त्याला वर्षभर एक्झिटरला ठेवले. १८६० च्या फेब्रुवारीअखेर अब्राहम लिंकन न्यूयॉर्कला भाषण देऊन मुलाला भेटायला म्हणून न्यू हॅम्पशायरला आले. आलेच आहेत तर बोला म्हणून आसपासच्या गावांतून आग्रह झाला. ३ मार्चला एक्झिटरच्या नगरभवनात बोलले. त्याच वर्षाच्या शेवटी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. मुलगाही हार्वर्डला पोचला.

पण मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. रॉबर्टचा मित्र जॉर्ज लॅथम त्याच्याबरोबर एक्झिटरला होता. तो हार्वर्डच्या परीक्षेत नापास झाला. तेव्हा लिंकन निवडणुकीच्या धामधुमीत होते, तरी २२ जुलै १८६० ला त्यांनी त्या पोराला सविस्तर पत्र लिहिले. हे ऐकून मला फार दुःख झाले, पण तू खचला नाहीस तर यात विशेष काही नाही. तू प्रयत्नाला लागला आहेस तर आता यशस्वी झालेच पाहिजे, अशा आशयाचे. मी ३१ वर्षे दहावीला शिकवले. निकालाच्या दिवशी नापास मुलांच्या घरी जायचो. मोठ्या माणसाने अशा वेळी चार ओळी लिहिल्या तर काय होते, हे मी जाणतो.

रानमेवा

माहिती उत्तम आहे, पण एक बाजू राहिली. चौदा वर्षांचं लेकरू घरापासून लांब ठेवायचं, ते सुरक्षित असतं का? माझी भाची एका दुसऱ्या निवासी शाळेत होती (नाव लिहीत नाही). तिथे मोठ्या मुलींकडून छळ झाला आणि शाळेने आई-वडिलांना उशिरा कळवलं. तिला दोन वर्षांत परत आणावं लागलं. तेव्हापासून घरात निवासी शाळेचा विषय काढत नाहीत.

पंचगंगाकाठ

@रानमेवा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि एक्झिटरही याला अपवाद नाही. २०१६ साली उघड झाले की तिथल्या एका शिक्षकाने काही दशकांपूर्वी विद्यार्थिनींशी गैरवर्तन केले होते आणि २०११ मध्ये कारण जाहीर न करता त्याला निवृत्त करण्यात आले होते. त्यानंतर अनेक माजी विद्यार्थी पुढे आले, बाहेरच्या वकिलांकडून चौकशी झाली आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावे लागले. गप्प राहणे हाच तिथला सर्वांत मोठा अपराध होता, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या शाळेने मुलांना बोलायला शिकवायचा वसा घेतला, तिथे मुलींचे बोलणे इतकी वर्षे ऐकले गेले नाही. हे वाचूनच आम्ही मुलीला पाठवायचे की नाही यावर खूप दिवस वाद घातले.

आता रोजचे कसे असते ते सांगते. वसतिगृहात शिक्षक आपल्या कुटुंबासह राहतात. संध्याकाळी ठरलेल्या वेळेला सगळ्यांनी परत येऊन त्या रात्रीच्या शिक्षकाला तोंड दाखवायचे. लहानांची वेळ आधी, बारावीच्यांची सर्वांत शेवटी. प्रत्येकाला एक सल्लागार शिक्षक असतो आणि आम्ही पालक थेट त्यांच्याशी बोलतो. वरच्या वर्गातल्या मुली नवीन मुलींची जबाबदारी घेतात. नववीच्या मुलांना 'प्रेप', दहावीला 'लोअर', अकरावीला 'अप्पर' म्हणतात. अप्परचे वर्ष सर्वांत जड. झोप कमी, ताण खरा. हे मी गोड करून सांगणार नाही. सत्रे तीन, काही शनिवारीही वर्ग, दुपारी खेळ सक्तीचे. माझी लेक स्क्वॅमस्कॉट नदीत नाव वल्हवते. हिवाळ्यात आत व्यायामशाळेत, बर्फ वितळले की पाण्यात.

आणि अचानक मिळणारी सुट्टी! मुख्याध्यापक वर्षातून एक दिवस न सांगता सुट्टी जाहीर करतात. ती कधी येणार यावर आठवडेच्या आठवडे अंदाज चालतात. शाळेचे वृत्तपत्र 'एक्झोनियन' १८७८ पासून मुलेच चालवतात, आणि २०१६ च्या त्या प्रकरणावरही मुलांनी त्यात लिहिले.

मला सर्वांत जवळचे वाटते ते बारावीच्यांचे 'मेडिटेशन'. इंग्रजीच्या वर्गात प्रत्येक जण स्वतःच्या आयुष्यातला एखादा प्रसंग घेऊन दीर्घ निबंध लिहितो, आठवडेच्या आठवडे पुन्हा पुन्हा लिहितो. त्यातले निवडक शाळेच्या चर्चमध्ये गुरुवारी सकाळी सगळ्यांपुढे वाचतात. धार्मिक काही नसते. मुलीच्या एका मैत्रिणीने आपल्या आजीच्या विस्मरणाविषयी वाचले. ते ऐकायला शाळेतले माळी आणि स्वयंपाकघरातले लोकही बसले होते.

माणदेशी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला गणित शिकवते. धागा दोनदा वाचला. आमच्याकडे पट ५८, खोली एक, बाके जुनी, टेबल नाही. बारा मुलांचा वर्ग या जन्मात मिळणार नाही. तरी पंचगंगाकाठताई, यातलं काय उचलता येईल? खरंच करून बघायचं आहे. ते प्रश्नसंच कुठे मिळतात?

निवृत्त_मास्तर

माणदेशीताई, शाबास! आमच्या वेळी गटचर्चा म्हणजे तपासणी अधिकारी आले की दाखवायची गोष्ट होती. तुम्ही मनावर घेतलेत तर नक्की होईल. बाके हलवायला पोरांना सांगा, त्यांना ते आवडते.

पंचगंगाकाठ

@माणदेशी, प्रश्नसंच शाळेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, पीडीएफ आहेत, कुणीही उतरवून घ्यावेत. इंग्रजीत आहेत, पण गणिताची भाषा असल्याने तुम्हाला अडणार नाहीत. सरसकट घेऊ नका. मैल, फूट, डॉलर आहेत, ते बदलून एसटीचे अंतर, विहिरीची खोली, बाजारभाव असे घाला.

मुलीला विचारून लिहिते. ५८ मुलांचे पाच गट करा, जमिनीवर गोल बसवा. आठवड्यातून एकच तास. आदल्या दिवशी पाचच प्रश्न द्या आणि त्यातला एक तरी असा ठेवा, जो दोन रीतींनी सुटतो. प्रत्येक गटात एकाने त्या दिवशी बोलायचे नाही, फक्त रेघांचा कागद काढायचा, कोण कोणाशी बोलले तो. दर आठवड्याला कागद दुसऱ्याकडे. फळा नसेल तर जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. मुलगी म्हणते, सुरुवातीला सगळे जण बाईंकडेच बघून बोलतील. तेव्हा तुम्ही गटाच्या बाहेर, मुलांच्या पाठीमागे बसा आणि वहीत मान घालून लिहीत राहा.

माणदेशी

मान घालून बसायचं, हे मला सर्वांत अवघड जाणार आहे! बुधवारचा चौथा तास घेते यासाठी. मुख्याध्यापकांना विचारलं, ते हो म्हणाले, फक्त आवाज शेजारच्या वर्गात जाऊ नये म्हणाले. पाच प्रश्न काढले आहेत : एक टाकी भरण्याचा, एक पायथागोरसचा (शेताच्या बांधावरून तिरकं गेलं तर किती वाचतं), दोन टक्केवारीचे, एक वयाचा. वयाचा समीकरणाने सुटतो आणि नुसत्या विचारानेही सुटतो, तो दोन रीतींचा. कुणाला यातला एखादा फार सोपा वाटत असेल तर बुधवारच्या आत सांगा.

विटांचे_घर

बांधाचा प्रश्न छान. शेत आयताकृती न ठेवता एक कोपरा तिरका कापलेला ठेवा आणि आकृती देऊ नका, त्यांनाच काढू द्या. काटकोन कुठे धरायचा यावरच अर्धा तास वाद होईल.